दोन सीटांच्या विमानातल्या पाट्या

ते विमान मला पहिल्यापासून आवडलं नाही. त्याचा मालक तर त्याहून आवडला नाही.

तो दुकानात आला तेव्हा मी एका सरकारी दफ्तराच्या दारावरची पाटी कोरत होते. वर तेलुगू, खाली उर्दू, त्याखाली इंग्रजी, अशी आमच्या आदिलाबादची रीत. कोरायचं मशीन चालू असलं की मी त्याच्यापासून हलत नाही, म्हणून मी त्याला हातानं बसायची खूण केली. तो बसला नाही. भिंतीवर लावलेल्या नमुन्यांकडं पाहत उभा राहिला आणि दुकान चालवणारा माणूस कधी येईल, असं विचारलं. मीच चालवते म्हटल्यावर त्यानं घरात दुसरं कोणी नाही का, म्हणून पुन्हा विचारलं. मी मशीन थांबवलं आणि म्हटलं, "माणूस पाहिजे असंल तर दुसरीकडं बघा. पाटी पाहिजे असंल तर बसा."

तो बसला. पण त्या दिवसापासून आमचं बोलणं कधी सरळ झालं नाही.

त्याचं भैंशाला जिनिंग होतं आणि दुसरं आमच्या इकडं, बेल्याच्या रस्त्याला. कापसात पैसा झाल्यावर त्याला उडायचा शौक लागला. खाली दक्षिणेत कुठलीतरी विमान शिकवायची शाळा बंद पडली होती. तिथलं जुनं दोन सीटांचं विमान त्यानं घेतलं आणि पंख उतरवून ट्रेलरवर घालून आणलं. इकडच्या जिनिंगमागच्या स्वतःच्या रानात मुरूम दाबून धावपट्टी केली. तिथवर सगळं ठीक होतं. मग त्याला वाटलं, आतला रंग उडालाय, नवा मारून घ्यावा. गावात गाड्या रंगवणारा एक जण आहे, त्याला बोलावलं. त्यानं आपल्या कामात काही कसर ठेवली नाही. पॉलिशपेपरनं घासून, थिनरनं पुसून समोरचा अख्खा पत्रा गुळगुळीत केला आणि राखाडी रंग मारला. त्या घासण्यात विमानातली होती नव्हती तेवढी अक्षरं गेली. कोणती कळ ओढली की काय होतं, किती वेगाच्या वर जायचं नाही, मागं सामान किती ठेवायचं, पेट्रोल कोणतं भरायचं, हे सांगणारी एकही पाटी राहिली नाही.

हैदराबादहून एक म्हातारा इंजिनीअर विमान तपासून सही करायला आला होता. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि सही न करता परत गेला. पाट्या जशा विमानाच्या पुस्तकात दिल्यात तशा लागल्याशिवाय मी पुन्हा इकडं यायला गाडीत बसणार नाही, असं सांगून गेला. म्हणून हे जिनिंगवाले शेठ माझ्याकडं आले होते.

काम मी घेतलं. तसलं काम माझ्याकडं कधी आलं नव्हतं आणि ते करता येईल हे मला दिसत होतं. दोन थरांचा प्लास्टिकचा पत्रा येतो, वर काळा, आत पांढरा. वरचा थर कोरला की पांढरं अक्षर उघडं पडतं. डॉक्टरांच्या दारावर असतात तशा पाट्या. फक्त इथं अक्षर तांदळाच्या दाण्याएवढं पाहिजे होतं आणि हलत्या विमानात वाचता यायला हवं होतं.

मापं घ्यायला मी रानात गेले, तर पत्र्याच्या शेडमध्ये विमानाच्या चाकापाशी एक माणूस गुडघे टेकून बसलेला. पाठ माझ्याकडं होती. तरी मी ओळखलं. इतकी वर्षं ज्या पाठीमागून जेवणाचा डबा नेला, ती पाठ कशी नाही ओळखणार. तो माझा नवरा होता. म्हणजे पूर्वीचा. कोर्टातून आमचं सुटल्याला तेव्हा बराच काळ झाला होता.

हे इथं सांगितलं पाहिजे. पाट्यांचं काम मी त्याच्याच दुकानात शिकले. लग्न होऊन आले तेव्हा मी बारावी पास होते आणि माझं अक्षर चांगलं होतं. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली पुस्तकांची फळी होती, भाऊ पुढं इंद्रवेल्लीकडं मास्तर झाला, मला पण तेच व्हायचं होतं. ते झालं नाही. नवरा पितळेवर, ॲल्युमिनियमवर कोरायचा. हात चांगला होता त्याचा, हे मी आजही नाकारत नाही. मी आधी पत्रे पुसायची, मग अक्षरं मांडायला लागले, मग कोरायला. त्याला एक सवय होती. मी केलेली पाटी त्याला पटली नाही की तो काही बोलायचा नाही. टोकदार सळई घ्यायचा आणि पाटीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चरा ओढायचा. मग पाटी माझ्या पुढ्यात टाकायचा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं. काही गिऱ्हाईक खाली पाहायचे, काही हसायचे. मी दुसरा पत्रा घ्यायची.

एकदा आमच्याच विहाराची देणगीदारांची पाटी होती. सगळी वस्ती ओळखीची. ती पाटी त्यानं विहारातल्या लोकांपुढं चिरली. मी दुसरी करून दिली, संध्याकाळी स्वयंपाक केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं भावाकडं गेले. परत गेले नाही. पुढं भावाच्या आधारानं गावात दुसऱ्या टोकाला दुकान टाकलं. तो बाजारात सांगत फिरला, की तिला अक्षर मी शिकवलं आणि ती माझ्याच पोटावर उठली. मला यातलं प्रत्येक वाक्य कोणी ना कोणी आणून पोचवायचं. त्यांना वाटायचं मला ऐकायला आवडतं.

तर शेडमध्ये तो होता. शेठनं बाहेरच्या पाट्या, म्हणजे टाकीच्या झाकणाभोवतीची गोल पट्टी, चाकाजवळची हवेच्या दाबाची, पंखावर पाय ठेवू नका असं सांगणारी, आणि आत दोन सीटांच्या मधल्या पेट्रोलच्या कळीची धातूची पाटी त्याच्याकडं दिली होती. समोरच्या पत्र्यावरच्या सगळ्या माझ्याकडं. आमचं नातं शेठला माहीत होतं की नव्हतं, मला अजून कळलेलं नाही. गावात सगळ्यांना माहीत होतं.

त्यानं वळून पाहिलं, पुन्हा चाकाकडं तोंड केलं. माझ्या मनात आलं, आत्ताच्या आत्ता परत जावं. पण मी गेले असते तर संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर गोष्ट पोचली असती, की तिला जमलं नाही म्हणून पळाली. मी पिशवीतून मोजपट्टी काढली आणि विमानात चढले. आत बसल्यावर दिसलं, की राखाडी पत्र्यावर नुसते गोल डबे आणि गोळे होते. काळा गोळा, लाल गोळा, एक चपटी दांडी. कुठल्याच गोष्टीला नाव नव्हतं. मी पुस्तकातल्या चित्रांचे फोटो घेऊन मापं लिहून घेतली. तो बाहेर पंखाखालून इकडून तिकडं जात होता, त्याच्या पायाखालचा मुरूम वाजत होता, आणि प्रत्येक वेळी माझं माप चुकत होतं.

पाट्या मी मन लावून केल्या. तेवढ्या बारीक अक्षरात आकड्यांचं पोट भरून येतं, आठाचा तीन वाटतो, म्हणून कितीदा तरी पुन्हा कोरल्या. तयार झाल्यावर इंजिनीअरनं निरोप धाडला, की दोघांनी एकाच दिवशी या, मी बाहेर पुस्तक घेऊन वाचीन, तुम्ही आत बसून लावा.

दोघांनी. त्या विमानात दोन सीटा होत्या आणि मध्ये एवढीच जागा, की शेजारच्याचं कोपर लागल्याशिवाय हात हलत नव्हता. मी उजवीकडं बसले. तो डावीकडं. उन्हानं वरचा पत्रा तापला होता. त्याच्या अंगाला तोच धातूच्या भुशाचा वास होता.

इंजिनीअर दाराशी स्टूल टाकून बसला. माणूस तुसडा होता. मला तेलुगूत अम्मा म्हणायचा, त्याला काहीच म्हणायचा नाही. तो हिंदीत एकेक ओळ वाचायचा, मी पाटी ठेवून दाखवायची, त्यानं मान हलवली की मागचा कागद सोलून चिकटवायची. वेगाची लागली, फ्लॅपची, म्हणजे पंखामागच्या हलत्या फळीची लागली, सामानाची लागली, विडी-सिगारेट ओढू नये ही लागली. नवरा मांडीत आपली धातूची पाटी घेऊन वाट पाहत होता. त्याची पाळी शेवटी होती आणि ते त्याला खुपत होतं.

"बारीक झालं," तो म्हणाला. इंजिनीअरकडं न पाहता, माझ्याकडंही न पाहता, समोरच्या काचेकडं बघून.

मी पुढची पाटी घेतली.

"फ्लॅपच्या पाटीतला एकचा आकडा सरकला हाय. कोनालेबी दिसंल."

तो सरकला नव्हता. मी रात्री झोपायच्या आधी भिंग लावून पाहिला होता. पण मी मान वर करून पुन्हा पाहिलं, आणि तेवढ्यात त्याचा हात पुढं आला. हातात सळई होती. त्यानं फ्लॅपच्या पाटीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चरा ओढला. दुकानात पाटी टेबलावर असायची. इथं ती उभ्या पत्र्यावर होती. सळई पाटीवरून घसरली आणि नव्या राखाडी रंगात बोटभर लांब खोल रेघ उमटली, खालचा ॲल्युमिनियम चमकला.

मला वाटतं त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. त्यानं सळईकडं पाहिलं.

इंजिनीअर उठला, आत डोकं घालून रेघ पाहिली आणि आम्हा दोघांना जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. घरची भांडणं घरी करा, ही माझी मशीन आहे, असा त्याचा अर्थ होता. मी म्हटलं, आमचं घर एक नाही. त्यानं ऐकलं नाही. शेठ धावत आले. त्यांनी रेघ पाहिली, मग नवऱ्याला बाजूला नेऊन हळू आवाजात काही विचारलं, आणि माझ्याकडं येऊन सांगितलं, की बाई, दोन हात एका जागी नकोत, तुम्ही तुमची कॉम्प्युटरची फाइल त्यांना देऊन टाका, ते सगळ्या धातूत करतील. पुरुष माणूस आहे, धावपळ जमते.

रेघ कोणी ओढली, हे त्यांना कळलं होतं. मी विचारलं नाही. पिशवीत नायलॉनचा दोरा होता. चुकीची लागलेली पाटी काढायला तो लागतो. मी पुन्हा विमानात चढले, दोरा पाटीमागं घातला आणि करवतीसारखा मागं-पुढं ओढत एकेक पाटी सोडवली. शेठ बाहेरून, अहो बाई, अहो बाई करत राहिले. नवरा पंखाला टेकून उभा होता. सगळ्या काढल्या, जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या, झाकण लावलं. चिरलेली पण घेतली. विमान पुन्हा पहिल्यासारखं झालं. इंजिनीअरनं पुस्तक मिटलं आणि गाडी काढायला सांगितली.

मुख्य रस्त्यापर्यंत मी चालत आले. दोन्ही बाजूला कापूस होता, फुटलेला. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. घरी येऊन मी डबा फडताळात ठेवला आणि घासलाही नाही.

पुढचं मला शेठच्या ड्रायव्हरकडून कळलं. तो आमच्या वस्तीतलाच होता. नवऱ्यानं पुस्तकावरून सगळ्या पाट्या ॲल्युमिनियमच्या केल्या, स्क्रूनं बसवल्या. देखण्या झाल्या, असं ड्रायव्हर म्हणाला, आणि त्या झाल्या असणारच. इंजिनीअर आला, सीटवर बसला, विमान उन्हात ढकलत न्यायला सांगितलं. ऊन समोरून आत आलं तसा प्रत्येक पाटीवरून उजेड त्याच्या डोळ्यांत गेला. तो डोळ्यांवर हात धरून बाहेर आला. पुस्तकात काळ्यावर पांढरं लिहिलंय, चांदीवर काळं नाही, म्हणाला. आणि गेला.

शेठ पुन्हा दुकानात आले. या वेळी सांगितल्याशिवाय बसले. मी त्यांना पाणी दिलं, चहा दिला नाही. ते म्हणाले, झालं गेलं सोडा. मी म्हटलं, सोडते, पण तो माणूस शेडमध्ये नको. शेठनी सांगितलं, त्याचे स्क्रू आहेत, ते त्यालाच काढू द्यावे लागतील, इंजिनीअर दुसऱ्याला हात लावू देत नाही. भोकं बुजवून रंगाचा हात पण तोच देणार. मग तो एक पाटी काढील आणि मी एक लावीन, असं ठरलं. मला ते मान्य नव्हतं. पण फडताळातला डबा मला रोज दिसत होता आणि त्या पाट्या चांगल्या होत्या. चांगल्या पाट्या डब्यात राहाव्यात, हे मला त्याच्या तोंडाहून जास्त खुपत होतं. चिरलेलीच्या जागी मी नवी केली.

दुसऱ्यांदा आम्ही त्या दोन सीटांवर बसलो. खालच्या रांगांचं रंगाचं काम झालं होतं, वरच्या रांगेतल्या थोड्या पाट्या तेवढ्या काढायच्या राहिल्या होत्या, त्यांची भोकं माझ्या पाट्यांखाली झाकली जाणार होती. इंजिनीअर सावलीत दूर खाटेवर पडला होता, झालं की हाक मारा म्हणाला होता. शेठ जिनिंगमध्ये होते. नवरा स्क्रू काढून हातरुमालात ठेवत होता. मी स्पिरिटनं पत्रा पुसत होते. 

मग तो म्हणाला, "काऊन गेली तू?"

इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. कोर्टातही नाही. तिथं त्याच्या वकिलानं दुसरंच काही विचारलं होतं. मी हातातला फडका ठेवला. लग्नानंतर मी त्याला कायम तुमी म्हणत आले होते. आमच्याकडं बायका नवऱ्याला तसंच म्हणतात, कोर्टातसुद्धा माझ्या तोंडातून तेच येत होतं. त्या दिवशी मी त्याच्याकडं पाहून म्हटलं, "तू लोकांपुढं माह्या पाट्या चिरत होता म्हनून."

तो स्क्रूवरून हात काढून माझ्याकडं बघायला लागला. मला आधी वाटलं, कारण ऐकून. पण नाही. तो म्हणाला, "अरे-तुरे करून राह्यली मले?"

"हो."

"नवरा होतो तुया."

"होता."

त्यानं पुढचा स्क्रू घेतला. तो अडकला होता, त्यानं जोर लावला, पाना दोनदा निसटला. मग खाली मान घालून म्हणाला, "पाट्या खराबच होत्या."

"काही होत्या," मी म्हटलं. "सगळ्या नव्हत्या. विहाराची नव्हती."

"तीबी खराब होती."

मी खरं सांगते, त्या उत्तरानं मला बरं वाटलं. तो माफी मागेल अशी भीती मला कितीतरी वर्षं होती. रात्री पडल्या पडल्या मी मनात त्याच्याशी भांडायचे आणि त्या भांडणात कधी कधी तो रडायचा, चुकलं म्हणायचा, आणि मग मला काय बोलावं ते सुचायचं नाही. तसा तो नव्हता. तो जसा होता तसाच होता, जरा टक्कल पडलं होतं एवढंच. मी ज्याला सोडून आले तोच माणूस शेजारी बसला होता, आणि त्याला सोडणं बरोबर होतं. माझा राग गेला नाही. आजही आहे. पण त्यात जी एक शंका मिसळलेली असायची, मी उगाच तर नाही ना निघाले अशी, ती तिथं त्या तापलेल्या डब्यात संपली.

 त्यानं सगळ्या काढल्या, मी सगळ्या लावल्या. पेट्रोलच्या कळीची त्याची धातूची पाटी तेवढी राहिली. ती सीटांच्या मध्ये खाली होती, तिथं ऊन पोचत नव्हतं. लेफ्ट, राइट, ऑफ. ती नीट होती आणि मी तसं कोणालाही सांगितलं नाही. तो डावीकडून उतरला, मी उजवीकडून. मी इंजिनीअरला हाक मारली.

इंजिनीअरनं पुस्तक मांडीवर घेऊन पहिल्यापासून वाचलं. प्रत्येक पाटीवर बोट ठेवलं. कळी ओढून, ढकलून पाहिल्या. मग चष्मा काढला आणि मला म्हणाला, "ठीक है, अम्मा." तेवढंच. आपल्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. शेठनी पेढे वाटले. नवऱ्यानं पेढा घेतला आणि त्याच्या मोटारसायकलवर बसून गेला. मी पण घेतला. खवा शिळा होता.

विमान नंतर उडालं. मी दुकानात होते. वरून घरघर आली तसे शेजारचे कपड्याच्या दुकानातले बाहेर धावले, रस्त्यावर मोबाइल वर करून उभे राहिले. मला बोलावत होते, तुमचं विमान आलं म्हणत. मशीन चालू होतं, मी उठले नाही. घरघर दोनदा आली आणि बेल्याच्या दिशेनं विरली. शेठ तेव्हापासून मला रस्त्यात दिसले की गाडीची काच वर करतात. माझी काही हरकत नाही. गावात लोक अजून विचारतात, तुम्ही दोघांनी मिळून विमान केलं म्हणे. मी म्हणते, मिळून नाही केलं.

नवरा त्यानंतर बाजारात माझ्याबद्दल बोलायचा थांबला, असं म्हणतात. खरं असेल किंवा लोक आणून पोचवायला कंटाळले असतील. भाजीबाजारात कधी समोर आला तर तो दुसऱ्या ओळीत जातो. मी माझ्या ओळीत राहते.

उन्हाळ्यात शेठच्या मुनिमाचा फोन आला. शेडमध्ये फार तापतं, वेगाच्या पाटीचा एक कोपरा उचलला आहे, येऊन बघता का. मी त्याला सांगितलं, कोपऱ्याखाली स्पिरिटचा बोळा फिरवा, वाळू द्या, मग चांगला अंगठा दाबून धरा. तरी धरत नसेल तर गोंदाची नळी ड्रायव्हरच्या हाती देते. तो म्हणाला, तुम्ही आला असता तर बरं झालं असतं. मी येणार नाही म्हणाले आणि नळी कागदात गुंडाळून ठेवली. दुपारी ड्रायव्हर येऊन घेऊन गेला.